‘उद्या सात वाजता फिल्मसिटी गेट’: ज्युनियर आर्टिस्ट म्हणून काम सुरू करण्याआधी काय माहीत असायला हवं?

संध्याकाळ झाली की मुंबईतल्या कितीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच साच्याचे मेसेज फिरू लागतात. उद्याचा कॉल सकाळी सातचा, ठिकाण गोरेगाव फिल्मसिटी किंवा नायगाव, मुलं वीस, मुली पंधरा, वय १८ ते २५, कॉलेज लूक, दोन जोडी कपडे स्वतःचे आणायचे, ताजा फोटो लगेच पाठवा. शेवटी पैशांचा एक आकडा असतो. कधी तोही नसतो.

या मेसेजमध्ये काय नाही, ते बघा. निर्माता कोण, काम किती तासांचं, पैसे कोण देणार आणि कोणत्या तारखेला, काही झालं तर जबाबदार कोण, यातलं काहीच नाही. मालिका-सिनेमात मागे दिसणारा माणूस म्हणून कामाला लागणं आज पूर्वीपेक्षा सोपं झालंय. केलेल्या कामाचा कागद हातात पडणं मात्र तितकंच अवघड आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी एका संहितेत चित्रपट, मालिका, वेब सिरीज, जाहिराती अशा सगळ्या ठिकाणच्या कामगारांसाठी लेखी कराराची अट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज आणि ही अट यांच्यात जे अंतर आहे, ते या कामात नव्याने येणाऱ्याला आधी कळायला हवं.

ज्युनियर आर्टिस्ट म्हणजे नक्की कोण?

कोर्टाच्या सीनमध्ये बाकावर बसलेले लोक, लग्नातले पाहुणे, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून जाणारी नर्स, हिरोच्या मागच्या टेबलावर कॉफी पिणारं जोडपं. यांना संवाद नसतो, पण यांच्याशिवाय सीन खोटा वाटतो. पूर्वी सर्रास ‘एक्स्ट्रा’ म्हणत. तो शब्द अपमानकारक वाटू लागल्यावर ‘ज्युनियर आर्टिस्ट’ रुळलं. सेटवर अजूनही ‘मॉब’, ‘क्राउड’ असंच ऐकू येतं. हिंदी सिनेमाने या माणसाला दोन-तीनदा पडद्यावरही आणलं: ‘गुड्डी’मधला (१९७१) असरानी यांचा कुंदन हिरो व्हायला येतो आणि गर्दीत हरवतो, तर ‘ओम शांती ओम’मधला (२००७) ओम ज्युनियर आर्टिस्ट असतो आणि त्याला स्टार होण्यासाठी थेट पुनर्जन्म घ्यावा लागतो.

या गर्दीतही उतरंड आहे. साधा जमाव सगळ्यात खाली. त्याच्या वर ‘डिसेंट’, म्हणजे ऑफिस, पार्टी, विमानतळ अशा ठिकाणी शोभतील असे चेहरे आणि कपडे. त्याच्याही वर ‘मॉडेल’. दर या वर्गवारीवर ठरतो आणि वर्गवारी ठरते बघणाऱ्याच्या नजरेवर. रंग, उंची, इंग्रजी बोलण्याची ढब यांवर माणसाचा भाव ठरवण्याचा हा प्रकार कुणालाही खटकावा असाच आहे, पण नवख्याला पहिल्याच दिवशी त्याच्याशी गाठ पडते. कुलाब्यात फिरणाऱ्या परदेशी पर्यटकांना अचानक ‘शूटिंगला येता का’ असं विचारणारे लोक भेटतात, ते याच बाजारातले.

वयाची अट मात्र फारशी नाही. लग्नं, कोर्ट, देवळं, हॉस्पिटल यांना केस पिकलेली माणसं लागतात आणि निवृत्तीनंतर हे काम करणारे बरेच आहेत. २०२० मध्ये करोनाकाळात चित्रीकरणाला परवानगी देताना राज्य सरकारने ६५ वर्षांवरच्यांना सेटवर बंदी घातली, तेव्हा छोट्या भूमिका करून पोट भरणारे एक ज्येष्ठ कलाकार मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ही अट रद्द केली. बाहेरून छंद वाटणारं हे काम कितीजणांचा चरितार्थ आहे, ते त्या प्रकरणामुळे थोडं समोर आलं.

काम मिळतं कुणाकडून?

निर्माता किंवा दिग्दर्शक ज्युनियर आर्टिस्ट निवडत नाही. दिग्दर्शनाच्या टीममधला सहायक उद्याच्या सीनला काय लागेल त्याची यादी काढतो, प्रॉडक्शनचा माणूस ती कोऑर्डिनेटरला देतो. जुने लोक त्याला ‘सप्लायर’ म्हणतात. कोऑर्डिनेटर आपल्या ग्रुपवर मेसेज टाकतो. माणसं कमी पडली की तो आणखी एकाला सांगतो, तो तिसऱ्याला. फोटो याच साखळीतून वर जातात आणि होकार याच साखळीतून खाली येतो. पैसेही याच वाटेने येतात आणि खरी अडचण तिथेच आहे.

एक हिशेब मांडून बघू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, निर्मात्याने माणशी १,५०० रुपये मंजूर केले. मुख्य कोऑर्डिनेटरने ३०० ठेवले, त्याच्या हाताखालच्याने २००. तुमच्यापर्यंत १,००० आले. आठ तासांत काम संपलं तर तासाला १२५ रुपये पडले, बारा तास थांबवलं तर ८३. विरारहून किंवा अंबरनाथहून पहाटे निघण्याचा खर्च तुमचाच, कपडे धुण्या-इस्त्रीचाही. म्हणून ‘रेट किती’ एवढंच विचारून भागत नाही. ‘किती तासांचे, कमिशन कापून हातात किती, जादा तासाचे किती’ हे कॉल घेण्याआधी विचारायचं आणि उत्तर मेसेजमध्येच लिहून घ्यायचं. फोनवर ‘बघू ना, होऊन जाईल’ म्हणणारा माणूस पैशांच्या वेळी फोन उचलत नाही, हा जुना अनुभव आहे.

कमिशन घेणं हाच गुन्हा, असं म्हणायचं कारण नाही. रात्री अकराला सांगून सकाळी सातला पस्तीस माणसं उभी करणं हेही काम आहे. चांगले कोऑर्डिनेटर हजेरीची वही ठेवतात, मुलींना रात्री उशीर झाला तर गाडीची सोय मागून घेतात. असे कोण आणि बुडवे कोण, हे कोणत्याही वेबसाइटवर कळत नाही, सेटवर जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या जुन्या माणसाकडून कळतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅमेऱ्याकडे कमी आणि या माणसाकडे जास्त लक्ष द्यावं.

सुरुवातीला लागणारी सामग्री थोडी आहे. साध्या भिंतीपुढे, उजेडात काढलेले तीन-चार फोटो: समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा. नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण सांगणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. एक फॉर्मल, एक पार्टीचा, एक पारंपरिक पोशाख, कुठल्याही कंपनीचं नाव न छापलेला. चपलाही साध्या, आवाज न करणाऱ्या. महागडा पोर्टफोलिओ या कामाला लागत नाही. तो काढायला लावणारा बहुधा फोटोग्राफरकडून स्वतःचा हिस्सा घेत असतो.

युनियनचं कार्ड लागतंच का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. मुंबईत पुरुषांसाठी ज्युनियर आर्टिस्ट असोसिएशन आणि महिलांसाठी महिला कलाकार संघ या जुन्या संघटना आहेत. दोन्ही ‘फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज’ या शिखर संस्थेशी जोडलेल्या. संवाद असलेल्या कलाकारांची ‘सिंटा’ वेगळी. दर, शिफ्टचे तास, जेवण, रात्रीचा प्रवास यांबाबत निर्मात्यांशी बोलणी करण्याची ताकद संघटनांकडेच राहिली आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये फेडरेशनच्या संपाने चित्रीकरण थांबलं होतं, त्यामागे थकलेले पैसे आणि कामाचे लांबलेले तास हीच कारणं होती.

दुसरी बाजूही आहे. सदस्य नसलेल्याला काम करू द्यायचं नाही, सेटवर जाऊन कार्डं तपासायची, या पद्धतीविरुद्ध निर्माते-दिग्दर्शक विपुल शाह भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले. आयोगाने २०१७ मध्ये असे निर्बंध स्पर्धाविरोधी ठरवले आणि ते थांबवायला सांगितलं. म्हणजे ‘कार्ड नाही तर काम बेकायदा’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

व्यवहारात मोठ्या सिनेमांच्या सेटवर कार्डाचं वजन अजून आहे आणि मालिका, वेब सिरीज, जाहिरातींमध्ये बिनकार्डाची माणसं भरपूर असतात. या सोयीची किंमत बिनकार्डाचा माणूसच मोजतो. पैसे बुडाले की कार्डवाल्याला तक्रार करायला एक दार असतं, याला नसतं. सहा महिने काम करून बघा, नियमित मिळतंय असं दिसलं तर सदस्यत्वाची चौकशी थेट संघटनेच्या कार्यालयात जाऊन करा. मध्यस्थामार्फत ‘कार्ड करून देतो’ या वाटेला जाऊ नका.

सेटवर दिवसभर काय होतं?

मुख्यतः वाट बघणं. सातचा कॉल असला तरी पहिला शॉट साडेदहाला लागू शकतो. आल्याबरोबर हजेरी लागते आणि ती लागली याची स्वतः खात्री करायची, कारण पुढे पैशांचा वाद झाला की तेवढाच पुरावा. मग कपडे तपासतात, जागा सांगतात. ‘पासिंग’ म्हणजे कॅमेऱ्यापुढून किंवा मागून चालत जाणं, हे नवख्याचं पहिलं काम. सोपं वाटतं. पण तेच चालणं आठ वेळा, त्याच वेगाने, त्याच शब्दावर, बॅग त्याच हातात ठेवून करायचं असतं. दुसऱ्या टेकला बॅग डाव्या हातात गेली की कंटिन्युटी तुटते आणि अख्खं युनिट तुमच्याकडे बघतं. पार्टीच्या सीनमध्ये ओठ हलवायचे पण आवाज काढायचा नाही, हसायचं तेही मुक्यानेच. कॅमेऱ्यात बघायचं नाही, फोन काढायचा नाही, नटाबरोबर सेल्फी मागायची नाही.

काम म्हणून एवढंच. कष्टाचा भाग वेगळा आहे: उन्हात बसायला सावली नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह दूर किंवा बंद, जेवणाची रांग वेगळी. हे फक्त मुंबईपुरतं नाही. मल्याळम चित्रपटसृष्टीवरचा न्या. हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला तेव्हा बातम्या झाल्या त्या नामवंत अभिनेत्यांवरच्या आरोपांच्या. त्याच अहवालात ज्युनियर आर्टिस्टच्या हालांचीही नोंद आहे, शौचालयापासून मध्यस्थ खाऊन टाकत असलेल्या मजुरीपर्यंत. त्यांना कुठल्याच संघटनेत जागा नाही, म्हणून तक्रार करायलाही जागा नाही, असं त्या पाहणीत दिसलं. त्याची चर्चा फारच थोडी झाली.

लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा चित्रीकरणाच्या जागेलाही लागू होतो, आणि त्यात एका दिवसासाठी किंवा कंत्राटदारामार्फत आलेली स्त्रीही मोडते. निर्मितीसंस्थेची अंतर्गत समिती कोणती, हे विचारण्याचा अधिकार पहिल्याच दिवशी आलेल्या मुलीलाही आहे.

पैसे कधी मिळतात, आणि नवा कायदा काय म्हणतो?

पॅक-अपलाच रोख मिळणं हा सगळ्यात चांगला प्रकार. बहुतेक वेळा ‘महिन्याने’, ‘पंचेचाळीस दिवसांनी’ असं सांगतात, मालिकांमध्ये नव्वद दिवसांची उधारी नेहमीची. वाहिनीकडून निर्मात्याला, निर्मात्याकडून कोऑर्डिनेटरला, मग तुम्हाला. रोजंदारीवर काम करणारा माणूस तीन महिने उधारीवर काम करतो, ही या धंद्याची जुनी रीत.

कायदा याआधीही होता. सिनेकामगारांसाठी १९८१ चा केंद्रीय कायदा लेखी करार मागत होता. पण तो पूर्ण लांबीच्या चित्रपटांपुरता होता. मालिका तेव्हा जेमतेम सुरू होत होत्या, वेब सिरीजचं तर नावही नव्हतं. आज ज्युनियर आर्टिस्टला सर्वाधिक दिवस काम देणारं क्षेत्र त्या कायद्याबाहेर राहिलं. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने तो कायदा पोटात घेतला आणि ‘सिनेकामगार’ऐवजी ‘दृक्श्राव्य कामगार’ ही मोठी व्याख्या आणली. टीव्ही, वेब सिरीज, रिअ‍ॅलिटी शो, जाहिराती, अ‍ॅनिमेशन, सगळं त्यात आलं. कंत्राटदारामार्फत घेतलेला माणूसही आला. मानधनाची मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं, त्यामुळे स्टार मंडळी बाहेर राहतील, गर्दीतला माणूस आत.

या संहितेनुसार लेखी कराराशिवाय दृक्श्राव्य कामगाराला कामावर ठेवता येत नाही. करारात कामाचं स्वरूप, मोबदला, तास, सुरक्षा आणि सोयी लिहायच्या, आणि तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवायचा. सोबतची वेतन संहिता आणखी स्पष्ट आहे: रोजंदारीवर ठेवलेल्याचे पैसे त्या दिवसाची पाळी संपतानाच द्यायचे. नव्वद दिवसांच्या उधारीशेजारी हे वाक्य ठेवून बघा.

मग सगळं सुटलं का? माझ्या मते नाही, आणि पळवाट संहितेतच आहे. करार कामगाराशीच व्हावा असं नाही, निर्माता आणि कंत्राटदार यांच्यातही तो होऊ शकतो. म्हणजे कागद होईल, पण कोऑर्डिनेटरच्या खिशात राहील आणि पस्तीस माणसांना त्यात काय लिहिलंय ते कळणारही नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती भरायची, अशी तरतूद आहे, पण कंत्राटी कामगारांचा तो भाग पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. ऑफिसच्या सीनला वीसच माणसं लागतात. शिवाय रोज वेगळ्या सेटवर जाणारा माणूस कामगार की स्वतंत्र व्यावसायिक, हा वाद निर्माते घालू शकतातच.

तेव्हा तूर्त स्वतःची वहीच कामाची. तारीख, मालिकेचं नाव, निर्मितीसंस्था, कोऑर्डिनेटरचं नाव, आल्याची आणि सुटल्याची वेळ, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम. कॉलचा मेसेज पुसू नका. पैसे शक्यतो खात्यात किंवा यूपीआयने मागा. कामगार आयुक्तांकडे किंवा संघटनेकडे जायची वेळ आली तर तोंडी गोष्टीला कुणी विचारत नाही.

फसवणूक ओळखायची कशी?

दिशा बघायची. या कामात पैसा तुमच्याकडे यायला हवा. नोंदणी फी, ऑडिशन फी, कार्ड फी, ‘कन्फर्मेशन’ची अनामत असं म्हणून तो तुमच्याकडून जायला लागला की थांबायचं. मोठ्या वाहिनीचं बोधचिन्ह लावलेलं नियुक्तिपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येणं ही खूणच समजा, कारण ज्युनियर आर्टिस्टला असं पत्र कुणी देत नाही. ‘नॉर्मल’ फोटो घेऊन नंतर कमी कपड्यांतले मागणाऱ्याला लगेच ब्लॉक करा. ऑनलाइन पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मुंबईबाहेर आणि मुलांसाठी काय?

सगळ्यांनी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. वाई आणि मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’पासून कितीतरी सिनेमे झाले, कोल्हापूरला चित्रनगरी आहे, मराठी मालिका सातारा, नाशिक, ठाण्याच्या आसपास चित्रित होतात. तिथे गावकरीच गर्दी होतात. दर स्थानिक माणूस ठरवतो, मुंबईच्या संघटनांचे दर तिथे कुणी विचारत नाही, आणि ‘सिनेमात दिसशील’ या आनंदावर अर्ध्या पैशांत दिवस निघतो. आपल्या गावात शूटिंग आलं, तर चार घरांनी मिळून आधी दर आणि जेवण ठरवून घेणं अवघड नाही.

लहान मुलांना नेत असाल तर नियम कडक आहेत. बालकामगार कायद्याखालच्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. गर्दीतल्या मुलालाही हे लागू आहे. सेटवर हे विचारणारे पालक क्वचित दिसतात.

यातून पुढे नट होता येतं का?

क्वचित. सीनमध्ये एक वाक्य मिळतं, मग दोन, मग छोटी भूमिका, अशी उदाहरणं आहेत. पण गर्दीतला चेहरा लक्षात राहू नये हीच या कामाची गरज असते, आणि एखाद्या मालिकेत सतत मागे दिसलेल्याला त्याच मालिकेत भूमिका द्यायला टीम कचरते. नट व्हायचं असेल तर ऑडिशन, नाटक, एकांकिका ही वाट वेगळी चालावी लागते. सेट कसा चालतो ते पैसे घेऊन शिकायला मात्र ही जागा उत्तम. दिग्दर्शन सहायक, कॉस्च्युम, प्रॉडक्शन यांत जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

या कामाला एक नवी अडचण येऊ घातली आहे. ‘गांधी’ चित्रपटातल्या अंत्ययात्रेसाठी १९८१ मध्ये दिल्लीत तीन लाखांच्या आसपास माणसं जमवली गेली होती. आज तो सीन काही शे माणसं आणि संगणक यांत होतो. अमेरिकेत २०२३ मध्ये कलाकारांची संघटना ११८ दिवस संपावर होती. एका दिवसाची मजुरी देऊन गर्दीतल्या कलाकाराचं शरीर स्कॅन करायचं आणि पुढे ते वापरत राहायचं असा स्टुडिओंचा प्रस्ताव आहे, हा संघटनेचा आरोप होता. स्टुडिओंनी तो नाकारला. शेवटी झालेल्या करारात अशा डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला बंधनकारक झाला. तिथे तो प्रश्न विचारायला संघटना होती. इथे उद्या एखाद्या सेटवर ‘जरा या गोल कॅमेऱ्यांच्या मध्ये उभे राहा, दोन मिनिटांचं काम आहे’ असं सांगितलं, तर ते कशासाठी, किती काळासाठी आणि किती पैशांत, हे त्या जागी उभ्या माणसालाच विचारावं लागेल.